कापडी टप फुगतो कशाने, आणि ताणायचा कुठे?

शहरात ताशी ४० च्या वेगाने जाताना गुमान बसलेला गाडीचा कापडी टप धुळे-सोलापूर महामार्गाला लागून काटा ८० वर गेला की फुगतो, फडफडतो. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. जुनी जीप असो, नवी थार असो की एखाद्या हौशी माणसाने जपलेली, टप उघडता येणारी परदेशी कन्व्हर्टिबल, मालकाचा पहिला संशय कापडावरच जातो आणि नव्या कापडाचा खर्च डोळ्यांसमोर नाचू लागतो. पण बऱ्याचदा कापड धडधाकट असतं. सैल पडलेलं असतं ते त्याला धरून ठेवणारं सामान.

आधी वाऱ्याचं बघू. पुढच्या काचेवरून वर चढलेली हवा टपावरून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. गाडीच्या आतल्या हवेचा दाब त्यामानाने जास्त राहतो, म्हणून कापड वर उचललं जातं. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो; ४० चे ८० झाले की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. उन्हाळ्यातल्या आपल्या तापलेल्या, विरळ हवेतही ८० च्या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे साधारण २५ किलो वजनाइतका भरतो. त्यातला निम्माच उचलीच्या कामी आला असं धरलं, तरी दोन चौरस मीटरच्या टपाला २५ किलोंची उचल बसते. बाजूची काच दोन बोटं खाली केली तर फुगा थोडा बसतो, कारण खिडकीबाहेरही दाब कमीच असतो आणि आतली हवा तिकडून निघून जाते. हा काही इलाज नव्हे, पण घरी पोचेपर्यंत कामाला येतो.

खरी गंमत सैलपणाच्या हिशोबात आहे. टपाचं कापड ज्यांवर पसरलेलं असतं त्या आडव्या कमानींपैकी दोन कमानींमध्ये १२० सेंटीमीटर अंतर आहे आणि कापड त्यापेक्षा फक्त १ सेंटीमीटर जास्त आहे, असं समजा. फुगा किती येईल? दीड-दोन सेंटीमीटर, असं आपण सहज म्हणू. येतो जवळजवळ ७ सेंटीमीटर! कापड अवघं १ मिलिमीटर जास्त असलं तरी २ सेंटीमीटरचा फुगा येतोच. फुग्याची उंची जादा लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणून एवढ्याशा ढिलाईचा एवढा मोठा तमाशा दिसतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की शेवटचे ते २ सेंटीमीटर घालवायच्या नादी लागू नये. कापड जितकं सपाट, तितका तोच वारा पेलायला त्यात जास्त ताण लागतो. फुगा ७ वरून २ वर आणला की वाऱ्याखाली कापडातला ताण साधारण साडेतीन पट होतो, आणि तो झेलायचा असतो शिवणीने. टणटणीत ताणून दिलेला टप पाहून मालक खूश होतो खरा, पण पुढच्या मोसमात टाक्यांची भोकं मोठी होऊन तिथूनच पाणी गळतं.

दुसरी गोष्ट या दोघींच्या मधे असणाऱ्या कमानीची. कमान कापडाला खालून आधार देते, वारा मात्र कापड वर नेतो. तेव्हा नुसत्या आधाराचा उपयोग शून्य. म्हणून कापडाच्या आतून एक पट्टी शिवून ती कमानीला बांधलेली किंवा स्क्रूने बसवलेली असते. ही पट्टी उसवली की कमानींमधल्या दोन लहान गाळ्यांचा एक मोठा गाळा होतो. ती पुन्हा शिवली तर कापड तसूभरही न कापता वरच्या उदाहरणातला ७ सेंटीमीटरचा फुगा निम्म्यावर येतो. माझ्या मते दुरुस्तीची सुरुवात इथूनच व्हावी.

जुना हूडवाला, म्हणजे टप शिवणारा मुरलेला कारागीर, गाडी आली की आधी टपाला हात लावत नाही, आत बसतो. तळवा वर दाबत एकेक कमान चाचपतो, मग कडेच्या नेफ्यातून जाणारी तार बोटाने ओढून बघतो. बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये खिडकीच्या वरची कड अशा पोलादी तारेने ताणलेली असते आणि तारेच्या टोकाला स्प्रिंग असते. स्प्रिंग गंजून तुटली की टप नेमका कडेलाच फडफडतो. कमानींना अंतरावर धरणारे पट्टे असतात, काही ठिकाणी इलॅस्टिकचे. उन्हाने त्यांतलं रबर मरतं. "सायेब, कापड न्हाई गेलं, पट्टा गेलाय," हे निदान अशा वेळी ऐकायला मिळतं. घरची बाज झोळ पडली की आपण विणकाम उसवत नाही, पायथ्याकडच्या दोऱ्या ओढतो, इथेही तेच.

पण कधी कधी दोष कापडाचाही असतो. कापूस असलेल्या कॅनव्हासचं वागणं तर उलटं वाटेल असं: पावसात भिजल्यावर धागे फुगून जाड होतात, एकमेकांवरून जाताना त्यांना जास्त वळण घ्यावं लागतं आणि कापड आखडतं. म्हणून श्रावणात टिचबटणं लागता लागत नाहीत, आणि ऊन पडलं की तोच टप ढिला होतो.

रेक्झिनची तऱ्हा निराळी. कापडावर चढवलेल्या पीव्हीसीच्या थराला मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि काळा टप हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. मऊ पडलेलं रेक्झिन ताणाखाली हळूहळू लांबतं आणि लांबलेलं सगळं काही परत येत नाही. वर्षं सरतात तशी ती द्रव्यं निघून जातात, मग तेच रेक्झिन कडक होऊन आकसतं, चिरतं. चिरा पडलेलं रेक्झिन ताणण्यात अर्थ नसतो; तिथे नवं टाकावं, उगाच ठिगळं लावू नयेत.

ताणायचं ठरलंच तर उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढावं. तिरकं ओढलं की विणीतले चौकोन कलंडतात, कापड भलतंच लांबतं आणि कोपऱ्यात चुण्या पडतात. पुढची कड काचेच्या चौकटीवरून सुटली असेल तर चिकटवायचं जुनं सोल्युशन खरवडून काढावं, नवं दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबावं आणि मगच कड दाबावी. ओलं असतानाच चिकटवलं तर पहिल्या कडक उन्हात कड पुन्हा घसरते. दोरा पॉलिएस्टरचा, शक्यतो वरून सुताचं वेष्टण असलेला घ्यावा. ओल लागली की ते वेष्टण फुगून सुईचं भोक बुजवतं.

टिचबटणं लावायच्या जागांच्या खुणा कधी करायच्या, यावरही बरंच अवलंबून आहे. हिवाळ्यात परभणीचा पारा १० च्या खाली उतरतो. भर दुपारी तापलेलं रेक्झिन पुरतं ओढून खडूची खूण केली, तर जानेवारीतल्या पहाटे बटण जागेवर पोचत नाही. खुणा सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, गाडी सावलीत उभी करून कराव्यात आणि बोटभर जागा राखून ठेवावी.