कमळ की कुमुद? फूल राहू द्या, पान बघा

एरंडोल तालुक्यातल्या पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलेला माणूस तळ्याच्या काठी दोन मिनिटं रेंगाळतोच. नावातच कमळ आणि तळ्यातही कमळ. मग तीच सवय घेऊन तो खानदेशभर फिरतो. गावतळं असो, पाझर तलाव असो की कुणाच्या बंगल्यासमोरचा सिमेंटचा हौद, पाण्यावर फुललेलं दिसलं की कमळ! "हाई कमयच शे ना भाऊ?" या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र पुष्कळदा "नाही" असं असतं. ते कुमुद असतं, नर्सरीवाल्याच्या भाषेत वॉटर लिली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजारात कमळ म्हणून घेतलेली टोकदार पाकळ्यांची बारकी जांभळी किंवा गुलाबी कळीही बहुतेक वेळा तीच.

फुलाकडे बघून फसायला होतं, म्हणून आधी पान बघावं. कमळाचं पान अखंड गोल, त्याला कुठेही चीर नाही, आणि देठ खालून बरोबर मध्यावर जोडलेला. हात लावला तर देठाला बारीक काटे लागतात. कुमुदाच्या पानाला काठापासून थेट देठापर्यंत खाच असते. पान पाण्याच्या वर आहे की तरंगतंय, यावर विसंबू नका. मोठी झालेली कमळाची पानं पाण्यापासून हात-दीड हात वर उभी राहतात हे खरं, पण त्याची सुरुवातीची पानं कुमुदासारखीच तरंगतात. खाच मात्र लहान पानालाही नसते.

दुसरी परीक्षा पाण्याची. कमळाच्या पानावर ओंजळभर पाणी टाकलं तर ते अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन पळतं आणि जाताना धूळही घेऊन जातं. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाच्या सूक्ष्म नळ्या, त्यामुळे थेंबाला पानाला धरायला जागाच मिळत नाही. बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ साली ही गोष्ट नीट मांडली आणि त्यावरून आपोआप स्वच्छ होणारे रंग बाजारात आले. कुमुदाचं पान चकचकीत दिसतं, पण त्यावर थेंब इतके लोळत नाहीत.

फुलाचा मध्य बघितला तर शंका उरत नाही. कमळाच्या मधोमध सपाट माथ्याचा पिवळा शंकू असतो. त्याच्या प्रत्येक खळग्यात एकेक सुटा बीजकोष. हाच शंकू पुढे वाळून तपकिरी होतो. कुमुदात शंकू नसतो. तिथे बीजकोष एकमेकांना जोडलेले असतात आणि मध्यभागी एक उथळ वाटी असते. फूल पहिल्या दिवशी उमलतं तेव्हा या वाटीत द्रव भरलेला असतो. दुसऱ्या फुलाचे पराग अंगावर घेऊन आलेला कीटक त्यात घसरतो, पराग धुतले जातात आणि फुलाचं काम होतं. कीटक कधी सुटतो, कधी बुडतो. नंतर देठ वळत पाण्याखाली जातो आणि फळ तिथेच पिकतं.

कमळाची तऱ्हा वेगळी. ते स्वतः तापतं. बाहेर १० अंश असो की ३०, उमलतं फूल आतलं तापमान ३० ते ३६ अंशांच्या आसपास धरून ठेवतं, हे १९९६ साली मोजून दाखवलं गेलं. भुंगेऱ्यांना रात्रीचा निवारा मिळतो आणि फुलाला परागीभवन. मे महिन्यातल्या भुसावळात या ऊबेचं कुणाला कौतुक वाटणार, हा भाग वेगळा.

कमळ सूर्याचं आणि कुमुद चंद्राचं, हा कवींचा हिशेब अर्धाच बरोबर आहे. पांढरं कुमुद खरंच संध्याकाळी उमलून दुसऱ्या दिवशी मिटतं. निळं मात्र दिवसाच उमलतं. 'निळं कमळ' म्हणून जे दाखवलं जातं ते हेच. खऱ्या कमळात निळा रंगच नाही. आपलं कमळ गुलाबी किंवा पांढरं, आणि त्याची जगातली एकमेव सख्खी जात, उत्तर अमेरिकेतली, पिवळी.

आता नात्याचं. लिनिअसने १७५३ साली दोघांना एकाच प्रजातीत बसवलं होतं. डीएनएने ते नातं पार मोडलं. कुमुदाची फांदी सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षातून अगदी बुडाशीच फुटलेली आहे. कमळ फार वरच्या फांदीवर, काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक यांच्या गोतावळ्यात. म्हणजे कमळाचं नातं शेजारी तरंगणाऱ्या कुमुदापेक्षा रावेरच्या केळीशी आणि चोपड्याच्या कपाशीशी जवळचं! दोघं सारखी दिसतात ती निव्वळ चिखल-पाण्यातल्या बिऱ्हाडामुळे. मला तरी या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत भारी वाटते.

खाण्यातला घोळ आणखी मजेदार आहे. सिंधी घरांत आवडीने खातात ती भोकाभोकाची कमळकाकडी खऱ्या कमळाचीच, चिखलातलं खोड. पूजेच्या दुकानातला काळा कठीण कमळगट्टाही कमळाचाच. पण उपवासाला 'कमळाचं बी' म्हणून आपण जो मखाना भाजतो, तो कुमुदाच्या कुळातल्या एका काटेरी पानाच्या वनस्पतीचा. बिहारच्या मिथिलेत तिची शेती होते आणि मिथिला मखान्याला २०२२ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

कमळगट्ट्याचं कवच म्हणजे किल्लाच. चीनमध्ये एका कोरड्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १३०० वर्षांचं बी रुजलं होतं. घरी लावायचं तर बियाचं बोथट टोक पॉलिश पेपरवर आतला पांढुरका गर दिसेपर्यंत घासा आणि पाण्यात टाका, पाणी रोज बदला. बी चांगलं असेल तर आठवडाभरात कोंब येतो. मग रुंद टबात, काळ्या मातीत, दिवसभर ऊन लागेल अशा जागी. जागा आणि ऊन दोन्ही कमी असेल तर कुमुदाचा कंद घ्या, तो कमी मागतो. डासांसाठी टबात गप्पी मासे सोडायला विसरू नका.