पहिला वस्तरा : निवड आणि खरेदी

वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारे, एकाच कडेला धार असलेले आणि ती धार पुन्हा पुन्हा लावता येणारे दाढीचे पाते. किंग जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली बदलत्या ब्लेडचे सेफ्टी रेझर विकायला काढले. पहिल्या वर्षी जेमतेम ५१ रेझर खपले. पण पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात ते सरकारी खर्चाने आले आणि घरोघरचा वस्तरा मागे पडत गेला. न्हाव्याच्या धोकटीत तो पुढेही कित्येक दशके टिकला. अलीकडे हौसेने वस्तरा वापरणाऱ्यांचा वर्ग मुख्यतः युरोप-अमेरिकेत आणि थोडाफार भारतातही तयार झाला आहे. बेताच्या पैशांत पहिला वस्तरा कोणता घ्यावा, हा त्यातल्या प्रत्येक नवशिक्याचा प्रश्न असतो. या खरेदीत नजर मुठीवर आणि किमतीवर जाते. जायला हवी ती धारेवर, आणि ती धार कोणी लावली आहे यावर.

महाराष्ट्रात आज ‘वस्तरा’ म्हटले की सलूनमधले हत्यार आठवते. न्हावी कागदाच्या वेष्टनासकट ब्लेड मधोमध मोडतो, त्यातले अर्धे खाचेत सरकवतो आणि गिऱ्हाइकाला दिसेल असे हे सारे करतो. एड्सविषयीची जागृती वाढल्यावर ही पद्धत रूढ झाली. तांत्रिकदृष्ट्या हा वस्तरा नव्हे, ब्लेड धरायची मूठ. त्याआधीच्या खऱ्या वस्तऱ्याला इथे एक सामाजिक इतिहासही आहे. १८९० साली सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला होता.

ब्लेडची ही मूठ काहीशे रुपयांत मिळते आणि तिला धार लावायचा दगड लागत नाही, चामड्याचा पट्टा लागत नाही. म्हणून पुष्कळ जण तिच्यापासून सुरुवात करतात. हात कसा वळवायचा, कातडी कशी ताणायची हे तिच्यावर शिकता येते, यात शंका नाही. मात्र ती वजनाला हलकी आणि ब्लेड अतिशय तीक्ष्ण, त्यामुळे कोन जरा चुकला की लगेच रक्त दिसते. खऱ्या वस्तऱ्याचे वजन अर्धे काम स्वतःच करते. तेव्हा मुठीने गाल कापला म्हणून ‘वस्तरा आपल्याला जमणार नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

चांगल्या वस्तऱ्यांची जुनी केंद्रे मोजकीच आहेत. इंग्लंडमधील शेफील्डला बेंजामिन हंट्समनने अठराव्या शतकाच्या मध्यावर मुशीतले पोलाद बनवले आणि त्या गावची पाती जगभर गेली. पुढे जर्मनीतील झोलिंगेन पुढे सरसावले. ‘झोलिंगेन’ हे नाव कोणत्या मालावर घालता येते हे तिथे कायद्याने ठरलेले आहे, आणि २०१२ पासून गावाच्या अधिकृत नावातच ‘पात्यांचे शहर’ अशी उपाधी आहे. फ्रान्समधील त्येर आणि स्वीडनमधील एस्किल्स्टुना ही आणखी दोन नावे. यांतले झोलिंगेन आणि त्येर आजही नवे वस्तरे बनवतात, पण त्यांची किंमत बेताच्या खिशाला झेपणारी नसते.

उलट टोकाला अगदी स्वस्त नवे वस्तरे असतात. त्यांतले काही वस्तरे म्हणजे निव्वळ वस्तऱ्याच्या आकाराच्या वस्तू : मऊ पोलाद, वाकडे पाते, चकचकीत मूठ आणि त्यावर नक्षी. चीनमधील ‘गोल्ड डॉलर’चे पोलाद बरे असते, पण घासणी अनेकदा असमान आणि पात्याचा खांदा, म्हणजे मुठीजवळचा भाग, जाड. जाणकार मंडळी तो मुद्दाम घेतात, खांदा घासून काढतात आणि मग दगडावर बसवतात. ते काम ज्याला येते त्याला तो स्वस्त पडतो. नवशिक्याला धार लावून घेण्याचा खर्च मूळ किमतीच्या वर जातो.

म्हणून बेताच्या पैशांत सर्वांत शहाणी खरेदी म्हणजे जुना, दुरुस्त केलेला आणि दाढीला तयार अशी धार लावलेला वस्तरा. पोलाद शंभर वर्षांत शिळे होत नाही. इथे कळीचा शब्द ‘दाढीला तयार’ हा आहे. कारखान्यातून आलेल्या नव्या वस्तऱ्याची धारही पुष्कळदा तेवढी नसते. विकणारा स्वतः त्या पात्याने दाढी करून पाहतो का, हे विचारायला संकोच करू नये. पाते नवे असो वा जुने, या एका उत्तरावर सौदा ठरवावा.

जुना वस्तरा हातात घेतला की आधी पाते सपाट काचेवर ठेवावे. पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, आणि धार दोन्ही एकदम टेकायला हव्यात. डुगडुगला तर पाते पिळलेले आहे. मग दिव्याखाली धारेच्या रेषेवर नजर फिरवावी. ती सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालते, मध्ये आत गेलेली चालत नाही. पाठीचा गंज आणि काळे डाग शोभेचा भाग समजावे, धारेला लागून बारीक खड्डे असतील तर मात्र तो वस्तरा घेऊ नये, कारण दगडावर घासताना ते उघडे पडतात आणि धार तिथेच तुटते. पाठ दोन्ही बाजूंनी रुंद आणि सपाट झिजली असेल तर आधीच्या मालकाने पाते भरमसाट पाजवले आहे. हा दोष गंभीर, कारण धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. पाजवताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात आणि त्यातून साधारण १६ ते १८ अंशांचा कोन आपोआप मिळतो. केसाएवढी चीर असेल तर तो वस्तरा फुकटही घेऊ नये.

मुठीकडे शेवटी पाहावे, पण पाहावे जरूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुष्कळ मुठी सेल्युलॉइडच्या आहेत. ते कुजू लागले की त्यातून निघणारा वायू मिटलेल्या पात्यालाच गंजवतो. कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल तर सावध व्हावे. हस्तिदंती मूठ तर परदेशातून मागवूच नये. त्या व्यापारावर बंदी आहे, पार्सल जप्त होईल.

रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. पाच-अष्टमांश म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, सहा-अष्टमांश म्हणजे १९. नवशिक्याला यांपैकी कोणतेही बरे. याहून रुंद पाते नाकाखाली अडते. पात्याच्या दोन्ही बाजू आत पोकळ घासलेल्या असतात. पूर्ण पोकळ घासणीचे पाते खुंटावरून जाताना किणकिणते, ते ऐकून कोन बरोबर आहे का हे हळूहळू कानाला कळू लागते. टोक गोल घ्यावे. चौकोनी टोक मिशीची कड नेमकी काढते, तितक्याच नेमकेपणाने कानाची पाळीही.

वस्तऱ्याइतकाच महत्त्वाचा चामड्याचा पट्टा, आणि नेमका तोच यादीतून सुटतो. प्रत्येक दाढीआधी पात्याला पट्ट्यावर पन्नास-साठ हात द्यायचे असतात. पाठ पुढे, धार मागे. वळवताना पाते पाठीवरून उलटायचे, धारेवरून कधीच नाही. हे वळण अंगवळणी पडेपर्यंत प्रत्येक जण पट्ट्याला एकदोन चिरे पाडतोच. म्हणून पहिला पट्टा साधा आणि स्वस्त घ्यावा, तीन इंच रुंद असला म्हणजे पुरे. दगड मात्र पहिल्या वर्षी घेऊच नयेत. हजारपासून बारा हजार क्रमांकापर्यंतच्या (क्रमांक मोठा तितका दगड बारीक) दगडांचा संच वस्तऱ्याहून महाग पडतो, आणि पाजवायला शिकताना पहिले नुकसान त्याच एकुलत्या चांगल्या पात्याचे होते. पट्टा नीट वापरला तर धार काही महिने टिकते. मग ती एखाद्या जाणत्याकडून लावून घ्यावी. सुरी-कात्रीला धार लावणाऱ्या चाकवाल्याकडे वस्तरा देऊ नये, एका फेरीत पाठ आणि धार यांचे नाते तुटते.

पोलादाबाबत फार खल नको. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण ते गंजते. स्टेनलेस गंजाला उशीर लावते आणि धारेलाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कार्बनचे पाते वापरानंतर कोरडे पुसून तेलाचा थेंब लावायला लागतो. न्हाणीघरात ते ठेवूच नये.

पहिले काही आठवडे वस्तरा फक्त गालांवर, केसांच्या दिशेने, साधारण ३० अंशांनी चालवावा. उरलेली हनुवटी रोजच्या रेझरने उरकावी. या काळात एक वस्तरा पुरतो. दुसरा घ्यावासा वाटतो तो बहुधा पहिल्याची धार गेली म्हणून, तेव्हा आधी पट्टा तपासावा.