भाडेकराराची नोंदणी: घरमालकांचे काम नेमके कुठे अडते

घर भाड्याने देणाऱ्या मालकांमध्ये एक समज फार खोलवर रुजलेला आहे. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणीची गरज नाही, स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारून घेतला की पुरे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हा समज अगदीच निराधार नाही, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांचीच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने दिल्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेहक्क न देता ठरावीक काळ जागा वापरण्याची परवानगी देणारा) प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण मालकाने खरी धास्ती घ्यायची ती त्याच कलमातल्या दुसऱ्या तरतुदीची: नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा खर्च वाचवणाऱ्या मालकाने आपली बाजू मांडण्याचा पहिला अधिकारच समोरच्याच्या हाती दिलेला असतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याचे दाखले देणारे संदेश अधूनमधून फिरत असतात. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. आपल्याकडचे व्यवहार १९९९ च्या कायद्यावरच चालतात.

खर्च किती येतो

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, परंतु ते केवळ महिन्याच्या भाड्यावर काढायचे नसते. संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास तीही, आणि परत करावयाच्या अनामत रकमेवर दरसाल १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ते आकारले जाते. चोवीस महिन्यांसाठी दरमहा २०,००० रुपये भाडे आणि एक लाख रुपये अनामत असेल, तर भाड्याचे ४,८०,००० आणि व्याजाचे २०,००० मिळून पाच लाख होतात आणि शुल्क १,२५० रुपये येते. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे, दस्त हाताळणी शुल्क वेगळे. पुढे भाडेकरू घर सोडीना, तर एका दिवसाच्या वकिलालाही हे पैसे पुरणार नाहीत. लिव्ह अँड लायसन्सची मुदत साठ महिन्यांच्या पुढे नेऊ नये, कारण मग मुद्रांकासाठी तो भाडेपट्टा धरला जातो आणि हिशेबच बदलतो.

अडणारी कागदपत्रे

करार नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. माहिती भरणे, शुल्क भरणे, अंगठा आणि छायाचित्र देणे, दुय्यम निबंधकांची (दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची) तपासणी आणि मग नोंदवलेला दस्त उतरवून घेणे, इतकाच त्याचा क्रम आहे. जिथे घोडे अडते त्या जागा वेगळ्याच असतात.

पहिली जागा मालकीची. सदनिका पती-पत्नींच्या संयुक्त नावावर असते आणि करारात मालक म्हणून एकट्या पतीचे नाव घातले जाते. “घरचीच तर आहे, तिची सही कशाला” हे उत्तर अनेक ठिकाणी ऐकू येते. सूची क्रमांक दोनवर (इंडेक्स-टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) जितकी नावे आहेत तितके सर्व मालक करारात हवेत, किंवा गैरहजर असलेल्याचे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) तरी हवे. याहून अवघड प्रकरणे दिवंगत वडिलांच्या नावावर राहिलेल्या घरांची असतात. घरपट्टी वडिलांच्या नावाची, लाइट बिल आजोबांच्या नावाचे आणि सोसायटीच्या दप्तरी नामनिर्देशन धाकट्या भावाचे, अशी खिचडी झालेली असते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे इथे ठामपणे सांगावे लागते. सर्व वारसांनी मिळून करार करणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे, आणि भाडेकरू सामान घेऊन दारात उभा राहण्याआधी वारसनोंदीचे काम हाती घेणे हा शहाणपणाचा.

मालक परदेशात असेल तर अडचण कुलमुखत्यारपत्राची येते. ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत प्रमाणित केलेले असावे, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत कागद केल्याच्या तारखेपासून मोजायची नसून तो राज्यात प्रथम आल्यापासून मोजायची असते. म्हणूनच ज्या पाकिटातून तो आला ते पाकीट जपून ठेवावे. शिवाय त्या पत्रात “घर भाड्याने देणे, करार निष्पादित करणे व नोंदणीसाठी सादर करणे” असे अधिकार स्पष्ट लिहिलेले हवेत. बँकेच्या कामांसाठी केलेले जुने पत्र पुढे करणारे पुष्कळ असतात, आणि ते परत जातात.

दुसरी जागा अंगठ्याची. ई-रजिस्ट्रेशनमध्ये दोन्ही पक्षांची आणि साक्षीदारांची ओळख आधारच्या बायोमेट्रिकवर पटवली जाते. सत्तरीच्या पुढच्या मालकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि यंत्र पुन्हा पुन्हा नकार देते. अशा वेळी त्या वृद्ध माणसावर खेकसणारे मध्यस्थ पाहून वाईट वाटते, कारण दोष त्याचा नसतो. एकच बोट दाबत न बसता उरलेली बोटे वापरून पाहावीत. तरीही जमले नाही, तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करावे किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन दस्त नोंदवावा; तो मार्ग बंद झालेला नाही, जरी काही एजंट तसे भासवतात. काहींनी स्वतःच आपले बायोमेट्रिक लॉक केलेले असते आणि ते विसरलेले असतात, म्हणून आधी तेवढे तपासावे.

तिसरी जागा वापराच्या रकान्याची, आणि ती चूक त्या दिवशी कोणाच्याच लक्षात येत नाही. घर राहण्यासाठी दिले आहे हे करारात स्पष्ट असले पाहिजे. मुदत संपल्यावर ताबा मिळवण्याचा जो जलद मार्ग भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, तो निवासासाठी दिलेल्या जागेपुरताच आहे. “निवास तथा कार्यालय” असे मोघम लिहून ठेवणारा मालक स्वतःच वादाला जागा करून देतो.

सोसायटी आणि पोलीस

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देण्यासाठी परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवणे आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणे पुरते. तरीही ना हरकत दाखल्यासाठी सभासदाला महिनाभर तिष्ठत ठेवणाऱ्या समित्या आहेत. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाहीत, असा राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि ही टक्केवारी काढताना पालिकेचे कर वगळायचे असतात. मागणीपत्र हाती आले की ही वजाबाकी केली आहे का, हे पाहावे.

पोलिसांकडे द्यावयाची भाडेकरूची माहिती ही कराराच्या नोंदणीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. एक केली म्हणजे दुसरी झाली असे होत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांच्या मनाई आदेशांद्वारे ती बंधनकारक केली जाते आणि ती ऑनलाइनही देता येते. तिची पोच म्हणजे भाडेकरूच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आपण कळवले, एवढेच ती सिद्ध करते. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला द्यावी लागते. तिथे आठवड्याची ढिलाई चालत नाही.

मुदतीचा गैरसमज

करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांची सवलत आहे, पण दंडासह, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. ही चार महिन्यांची मुभा करार संपल्यानंतरच्या काळासाठी आहे असे समजून गाफील राहणारे मालक भेटतात. तसे काही नाही. मुदत संपली की करार संपला. जुन्या करारावर हाताने “मुदत वाढवली” असे लिहून सह्या करण्याला नोंदणीच्या दृष्टीने किंमत नाही. भाडेकरू तोच असला तरी नव्या मुदतीसाठी नवा दस्त, नवे शुल्क आणि नवा अंगठा लागतो, म्हणून त्याची तयारी जुनी मुदत संपण्याआधी महिनाभर सुरू करावी.

मुदत संपूनही घर रिकामे झाले नाही, तर कुलूप बदलणे किंवा सामान बाहेर काढणे हा मार्ग नव्हे. तसे करणारा मालक स्वतःच आरोपी होऊ शकतो. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तिथे लेखी करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याला परवाना शुल्काच्या (करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मिळवली नाही, तर त्याला अर्जाला विरोध करता येत नाही. अर्जासोबत नोंदवलेला दस्त, सूची क्रमांक दोन, मालकीचा पुरावा आणि मुदत संपल्यावर पाठवलेल्या नोटिशीची पोच जोडावी. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निळ्या खुणांवर विसंबू नये. ती नोंदणी सुविधेसह स्पीड पोस्टाने, करारात दिलेल्या पत्त्यावर आणि भाडेकरूच्या कायमच्या पत्त्यावरही पाठवावी.