रिंगणाचं कुंपण आणि पॅडॉकचं कुंपण, दोन्ही एकच समजू नका

पॅडॉकला, म्हणजे घोडा मोकळा सोडायच्या जागेला, जे कुंपण घातलंय तेच पुढे ओढून रायडिंगच्या रिंगणालाही घालायचं, असं बरेच जण करतात. दिसायला सारखंच असतं ना, खांब आणि आडव्या बल्ल्या. पण पॅडॉकमध्ये घोडा एकटाच तासन्‌तास मोकळा असतो आणि रिंगणात त्याच्या पाठीवर माणूस असतो, सगळा फरक त्यानेच पडतो.

मोकळा घोडा कुंपणावर रेलतो, आयाळ घासतो, पलीकडच्या गवतासाठी मान बाहेर काढतो, त्यामुळे पॅडॉकचं कुंपण साडेचार-पाच फूट उंच आणि दणकट हवं. नाहीतर झटका मशीनवरची (कुंपणात थांबून थांबून हलका करंट सोडणारं यंत्र) रुंद पांढरी पट्टी लावा, खर्च कमी येतो आणि एकदा झटका बसला की घोडा परत तिकडे फिरकत नाही. नुसती बारीक तार नको, पळताना ती त्याला नीट दिसत नाही. पावसाळ्यात गवत वाढून पट्टीला टेकलं की करंट जमिनीत उतरतो, ते कापत राहावं लागतं. आणि घरातल्या लाइटचा करंट थेट तारेत सोडायचा प्रकार तर अजिबात करू नका, घोडा जाईल नि माणूसही.

रिंगणात मात्र ही पट्टी नकोच, कडेने चालताना झटका बसला तर घोडा उसळणार आणि वरचं पोर खाली. इथे आधी बघायचा तो स्वाराचा गुडघा. आमच्याकडे पूर्वी बल्ल्या बाहेरून ठोकलेल्या होत्या, म्हणजे खांब आतल्या बाजूला, एक मुलगी ट्रॉट करत होती, म्हणजे घोडा दुडक्या चालीने चालवत होती, घोडा जरासा कडेला सरकला आणि तिचा गुडघा थेट खांबावर आपटला, दोन आठवडे लंगडत होती बिचारी. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या बल्ल्या काढून आतून ठोकून घेतल्या, आता पाय लागला तरी सपाट बल्लीवरून घसरत पुढे जातो. पॅडॉकलाही बल्ल्या आतूनच ठोका, पण तिथलं कारण वेगळं, घोडा रेलला की बल्ली खांबावर दाबली जाते, खिळे उपसून येत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर 20 बाय 40 मीटरच्या रिंगणाचा घेर 120 मीटर, आठ फुटांवर एक म्हटलं तर साधारण 50 खांब आणि दोन ओळींना 240 मीटर बल्ल्या. निलगिरीच्या घेतल्या तर परवडतात, फक्त खांबाचा जमिनीत जाणारा भाग डांबराने माखून घ्या, वाळवी आणि ओल तिथेच लागते. ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिकवलेल्या चालींच्या) स्पर्धेत दिसते ती फूटभर उंचीची पांढरी चौकट स्वस्त पडते खरी, पण शिकाऊ स्वार पडला तर घोडा ती सहज ओलांडून रस्त्यावर जातो.

काटेरी तार दोन्हीकडे नको, आणि मोठ्या भोकांची जाळीसुद्धा नको, खूर आत अडकला की घोडा घाबरून ओढतो आणि पाय सोलून निघतो. गेटची कडीही बाहेरच्या बाजूला बसवा, आत आलेल्या कडीत स्वाराने पाय ठेवायची रिकीब अडकते.