नेपियन सी रोडचे रविवार: निर्वासित युरोपियन आणि मुंबईची आधुनिक चित्रकला

भारतीय आधुनिक चित्रकलेतल्या युरोपियनांचा विषय निघाला की सगळी नावं एकाच टोपलीत टाकली जातात. ती आधी निवडून घ्यायला हवीत. कलेतिहासकार स्टेला क्रामरिश व्हिएन्नात शिकल्या हे खरं, पण शांतिनिकेतनात आल्या त्या रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून. कलकत्त्यात डिसेंबर १९२२मध्ये कांडिन्स्की आणि क्ले यांची चित्रं लागली, त्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. पण त्या कुणी परागंदा झालेल्या बाई नव्हत्या. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधला दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन तर उलट्या बाजूचा. तो कामासाठी आला आणि नाझी पक्षाचा सदस्यही होता. ‘निर्वासित’ हा शब्द हिटलरमुळे ज्यांना देश सोडावा लागला त्यांच्यापुरता ठेवला, तर गोष्ट बरीचशी मुंबईत येऊन थांबते आणि काळही आटोपशीर होतो: १९३३ ते साधारण १९५७.

यायच्या लाटा दोन. पहिली १९३३ची, जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यावरची. दुसरी मोठी, मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाल्यानंतरची. निघताना ज्यू माणसाला मालमत्ता नोंदवावी लागे, निरनिराळे कर भरावे लागत आणि रोख रक्कम म्हणाल तर जेमतेम दहा राइशमार्क खिशात घालून सीमा ओलांडता येई. चित्रं, पुतळे बाहेर न्यायचे तर वेगळा परवाना. इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात उतरायला व्हिसा हवा. हा माणूस सरकारच्या गळ्यात पडणार नाही याची खात्री त्यासाठी द्यावी लागे, म्हणजे हातात नोकरी किंवा इथल्या कुणाचा तरी जामीन.

या शेवटच्या अटीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण पुढचं बरंचसं तिच्यातून घडलं. निव्वळ चित्रकार म्हणून येणं जवळजवळ अशक्य होतं. मग जे आले ते वर्तमानपत्राच्या कचेरीत, जाहिरात खात्यात, औषधाच्या धंद्यात शिरले. नव्या चित्रकलेला मुंबईत ज्याची वानवा होती ते सगळं नेमकं तिथेच होतं: छापील रकाना, रंगीत छपाई आणि चित्रासाठी खिशात हात घालणारं गिऱ्हाईक.

जमीन कोरी होती असं मात्र समजू नये. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात हुबेहूब व्यक्तिचित्रं आणि नीटस निसर्गचित्रं यांची चलती होती, तरी १९३७मध्ये तिथलं सुवर्णपदक अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ला मिळालं होतं. त्याच सुमारास चार्ल्स जेरार्ड जे. जे.चे संचालक झाले आणि सेझान, मातिस या आधुनिक फ्रेंच चित्रकारांची नावं वर्गात उच्चारली जाऊ लागली. १९४१मध्ये पी. टी. रेड्डी, भोपळे, मजीद, कुलकर्णी, बाप्टिस्टा या पाच जणांनी आपला वेगळा गट मांडला, त्यांना लोक ‘यंग टर्क्स’ म्हणत. तेव्हा आधुनिकता जहाजातून उतरली, ही समजूत सोडून दिलेली बरी.

वाल्टर लांगहॅमर मूळचा ग्राट्झचा, जन्म १९०५. व्हिएन्नात चित्रकला शिकला, तिथेच शिकवायचा. डाव्या विचारांचा, त्यात बायको केटे ज्यू, म्हणजे राहण्याची सोयच नव्हती. १९३८मध्ये दोघं मुंबईत आले आणि तो टाइम्स ऑफ इंडियाचा पहिला कलासंचालक झाला. नेपियन सी रोडवरच्या त्याच्या घरी दर रविवारी दार उघडं असे. तरुण चित्रकार चित्रं काखोटीला मारून येत, भिंतीला टेकवत आणि लांगहॅमर त्यावर बोले. केटे राजकारणात अधिक तयार, चर्चेला धार तिची. तिचं नाव हल्ली कंसात येतं, हे बरोबर नाही.

तो काय शिकवत होता हे समजायला त्याची चित्रं पाहावीत. गुरू मानायचा तो ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काच्या वळणाला: रंग नळीतून निघतो तसाच ताजा, फटकारे उघडे, कडा मोकळ्या. जे. जे.त जलरंग शिकवत तो पारदर्शक पद्धतीने. कागदाचा पांढरेपणा राखायचा, पातळ हात द्यायचे, उजेड खालून येऊ द्यायचा. या पद्धतीत चूक झाली की पुसता येत नाही, म्हणून विद्यार्थी जपून जपून रंगवतो आणि चित्र सुबक पण थंड होतं. अपारदर्शक रंगात पांढरा मिसळून उजेड वरून चढवता येतो. चुकलं तर त्यावरच दुसरा हात. सावलीत काळा ओतायचा नाही, कारण काळ्याने शेजारचे सगळे रंग मळतात. केशरी भिंतीची सावली निळ्याकडे झुकवायची, म्हणजे ती सावलीही राहते आणि भिंत विझत नाही. पॅलेटवर तीन-चारपेक्षा जास्त रंग एकत्र घोटले की राखाडी चिखल होतो, तेव्हा मिश्रण पॅलेटवर कमी, कॅनव्हासवर शेजारी शेजारी जास्त. तरुण चित्रकार सय्यद हैदर रझा यांची चाळीसच्या दशकातली मुंबई आणि काश्मीरची दृश्यं, हरी अंबादास गाडे यांचे सुरीने थापलेले रंग, यांच्यामागे ही शिस्त दिसते.

जाड रंगाचा एक तोटाही सांगायला हवा, कारण त्या काळची चित्रं हाताळणाऱ्यांना तो आजही भोवतो. तैलरंगाचा थर हवेतल्या प्राणवायूने वरून आधी धरतो, आत ओला राहतो. दमट मुंबईत घाई करून त्यावर कमी तेलाचा थर चढवला, की वरचा आधी ताठरतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि भेगा पडतात. कागदावरच्या गोंदमिश्रित रंगांना बुरशीचं भय. काच थेट चित्राला टेकवून चौकट केली असेल, तर पावसाळ्यात रंग काचेलाच चिकटतो.

याच्या जोडीला होती रंगीत प्रतिकृतींची पुस्तकं. युरोपातली मूळ चित्रं मुंबईत बघायला मिळायची नाहीत, तेव्हा व्हॅन गॉग, सेझान कळले ते छापील पानांतून. पण प्रतिकृतीतून चित्राची मांडणी कळते, रंगांचे संबंध अंदाजाने कळतात, थराची जाडी मात्र अजिबात कळत नाही. भिंतभर चित्र आणि वीतभर चित्र पानावर सारख्याच मापाचं होतं. रझा स्वतः छपाईचे ठसे करणाऱ्या एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत काम करत होते. मूळ चित्राचे ठिपके करताना काय गळतं हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक असणार. ती उणीव लांगहॅमरच्या हाताने भरून काढली, कारण रंग प्रत्यक्ष कसा पडतो ते तिथे उभं राहून बघता येत होतं. माझ्या मते रविवारच्या बैठकांचं खरं मोल व्हिएन्नाच्या गप्पांपेक्षा यात जास्त आहे.

रुडॉल्फ फॉन लायडन, रुडी, याचा जन्म बर्लिनचा, १९०८. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, डॉक्टरेट घेतलेला. १९३३मध्येच मुंबईत आला, कारण भाऊ आधीपासून इथे नोकरीला होता. दगडांचं शास्त्र बाजूला ठेवून त्याने जाहिरातींचं काम धरलं. टाइम्समध्ये व्यंगचित्रं काढायचा तो ‘डेन्ली’ या नावाने, म्हणजे ‘लायडन’च्या अक्षरांची उलथापालथ. पुढे फोल्कार्ट या स्विस व्यापारी कंपनीत आणि नंतर व्होल्टासमध्ये जाहिरातीचं काम. पण मुंबईच्या चित्रकारांना तो माहीत होता टाइम्सचा कलासमीक्षक म्हणून.

तोवर प्रदर्शनाची बातमी म्हणजे उद्घाटक कोण, पाहुणे कोण, बक्षीस कुणाला. लायडन चित्राबद्दल लिहू लागला: रचना कुठे ढिली पडली, कुणाच्या रंगावर कुणाची छाया आहे, काय उसनं आणि काय स्वतःचं. स्तुतीत कंजूष नव्हता, पण पाठही थोपटत नव्हता. कृष्णाजी हौळाजी आरा हे त्याचं ठळक उदाहरण. सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, घरकाम करून पोट भरणारे, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले आरा लायडनच्या नजरेत भरले. १९४२मध्ये काळा घोड्याजवळच्या चेतना रेस्टॉरंटमध्ये त्यांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं आणि १९४४मध्ये मराठ्यांच्या लढाईवरच्या त्यांच्या चित्राला गव्हर्नरचं बक्षीस मिळालं. शाळेचा शिक्का नसलेला माणूस भिंतीवर टिकतो, हे इतरांनी त्यातून पाहिलं.

तिसरा इमॅन्युएल श्लेसिंगर. व्हिएन्नात त्याचा आधुनिक चित्रांचा संग्रह होता, तो तिथेच राहिला. मुंबईत औषधाचा कारखाना काढला आणि पुन्हा चित्रं घ्यायला लागला, या वेळी आरा, हुसेन, रझा, सूझा यांची. गिऱ्हाईक म्हणून त्याचं महत्त्व किमतीत नाही. तेव्हा सधन घरातून चित्र विकत घेतलं जाई ते दिवाणखान्याला साजेसं म्हणून किंवा ओळखीखातर. श्लेसिंगर एकाच माणसाची चित्रं वर्षानुवर्षं घेत राहिला. चित्रकाराला पुढच्या महिन्याचे रंग आणि खोलीचं भाडं सुटायचं ते अशा खरेदीतून, पदकातून नाही.

या सगळ्याच्या मधोमध महायुद्ध होतं. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन पासपोर्टवाले सरसकट ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. नाझी आणि नाझींपासून पळालेले ज्यू दोघंही अहमदनगरच्या छावणीत एकाच कुंपणाआड गेले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून निर्वासितांना सोडायला सुरुवात केली, तोच १९४०च्या मे-जूनमध्ये फ्रान्स कोसळला आणि पुन्हा धरपकड झाली. नगरची छावणी पुढे देवळालीला आणि मग डेहराडूनला हलली. कुटुंबवाल्यांसाठी पुरंदर आणि साताऱ्याला वेगळी सोय होती. सुटलेल्यांनाही पोलिसांत हजेरी लावावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, डिसेंबर १९४७मध्ये, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे, जे. जे.तून काढून टाकलेले. रझा, आरा, हुसेन, शिल्पकार सदानंद बाकरे आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे. पहिलं प्रदर्शन ७ जुलै १९४९ला रॅम्पार्ट रो इथे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात झालं, उद्घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केलं. पुढे १९५३च्या प्रदर्शनात कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रं लागली, ग्रुपबरोबर मांडणाऱ्या त्या एकट्या बाई. वेशभूषाकार भानू अथय्या म्हणून आपण ओळखतो त्या याच.

लांगहॅमर-लायडन-श्लेसिंगर हे त्रिकूट सांगायला सोपं, म्हणून तेच तेच सांगितलं जातं. त्यात माग्दा नाखमान सुटून जातात. जन्म १८८९, पीटर्सबर्ग. रशियन चित्रकार लेऑन बाक्स्टच्या हाताखाली शिकलेल्या. क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न करून १९२२मध्ये बर्लिनला गेल्या, आणि तिथलं राहणं अशक्य झाल्यावर दोघं मुंबईत आले. व्यक्तिचित्रं करून घर चालवलं, बॉम्बे आर्ट सोसायटीत नेमाने चित्रं मांडली. व्हिएन्नाची नर्तिका हिल्डे होल्गर १९३९मध्ये मुंबईत आली आणि तिने नृत्यशाळा काढली, ती त्यांची मैत्रीण. १२ फेब्रुवारी १९५१ला, स्वतःच्या प्रदर्शनाचं उद्घाटन व्हायच्या काही तास आधी, नाखमान वारल्या. चित्रं विखुरली आणि नाव मागे पडलं. संग्राहकाकडे एकगठ्ठा चित्रं नसली की असंच होतं.

मुंबईबाहेर बडोद्याची नोंद हवीच. गायकवाडांच्या संग्रहालयात आधी एर्न्स्ट कोन-वीनर आणि पुढे हेर्मान गोएत्झ, दोघेही जर्मन कलेतिहासकार, दोघांनाही मायदेश बंद झालेला. २९ मार्च १९५४ला दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख हेच गोएत्झ. १९४६मध्ये मुल्कराज आनंदांनी काढलेल्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाच्या सुरुवातीच्या मंडळीत बर्लिनचे वास्तुरचनाकार ओटो कोनिग्सबर्गर होते. आणि आकाशवाणीची ती सकाळची धून? बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढणाऱ्या वाल्टर कॉफमानची, तोही निर्वासितच.

आता हिशेबाची दुसरी बाजू. या लोकांची आवड घडली होती ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. त्यांच्यासाठी आधुनिक म्हणजे सेझान, कोकोश्का, जर्मन अभिव्यक्तिवाद. निखळ अमूर्ताकडे त्यांचा ओढा नव्हता. त्यामुळे १९४८ साली मुंबईत जे धाडसी ठरलं ते पॅरिसच्या मानाने तीस वर्षं मागचं होतं. दुसरं म्हणजे बसोलीची पहाडी लघुचित्रं, मथुरेची शिल्पं, दक्षिणेतली ब्राँझ हे हुसेन आणि सूझा यांनी स्वतः जाऊन पाहिलं आणि उचललं. ते काही नेपियन सी रोडवर मिळालं नाही. रझांना चित्र बांधायला शीक, सेझान बघ, असं काश्मीरमध्ये १९४८ला बजावलं ते फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँने. प्रभाव कुणा एकाच्या नावावर टाकला की अशा जागी तो तुटतो.

मग पांगापांग झाली. सूझा १९४९मध्ये लंडनला, रझा १९५०मध्ये पॅरिसला, बाकरे १९५१मध्ये लंडनला गेले. लांगहॅमर दांपत्यानेही १९५७मध्ये मुंबई सोडली, पण व्हिएन्नाला न परतता लंडन गाठलं. लायडन मात्र भारतातल्या एका वेगळ्याच चित्रात गुंतला: गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. सावंतवाडीच्या दशावतारी संचात १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, त्यात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, म्हणून नवखा खेळाडू हमखास फसतो. जुने संच त्याने गावोगाव शोधून जमवले, लाखेचा थर आणि चितारी घराण्यांची वळणं टिपून ठेवली, आणि १९८२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्याचं गंजिफांवरचं पुस्तक छापलं.