पोटॅशियम-पूरके (हृदयाच्या अनियमित ठोक्यांतील वापर)

रक्तातील पोटॅशियम घटल्याने हृदयाची लय बिघडली असता, किंवा बिघडण्याचा संभव दिसत असता, तोंडावाटे वा शिरेवाटे द्यावयाची पोटॅशियमची लवणे. बहुधा पोटॅशियम क्लोराइड वापरतात. ही उणीव भरून काढण्याची द्रव्ये आहेत, ठोके नियमित करणारी औषधे नव्हेत. उणीव नसता दिल्यास तीच लय बिघडवतात.

नाव : शेतीच्या मराठीत पोटॅशियमला ‘पालाश’ म्हणतात. कोल्हापूरकडच्या ऊसकऱ्यांच्या तोंडी ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे त्रिकूट रुळलेले आहे. शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावता येते. तो ‘पोटॅश’चे मराठी वळण असावा, किंवा पळसाच्या (सं. पलाश) राखेवरून आला असावा. क्षार करण्याच्या वनस्पतींत सुश्रुतसंहिता पलाश सांगते, आणि लाकडाच्या राखेतील विरघळणारा भाग मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटचा असतो. म्हणून दुसरी व्युत्पत्ती मोहक वाटते. परंतु हा शब्द खतांच्या परिभाषेतच वावरतो. तेव्हा ‘पोटॅश’ समोर ठेवून त्याला पळसाचा पेहराव चढवला गेला असावा, हे मानणे अधिक सयुक्तिक. गंमत अशी की, ‘पोटॅश’चा मूळ अर्थही ‘भांड्यातील राख’ असाच आहे. या राखेच्या क्षारापासून केलेल्या दाहक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून) इंग्रज रसायनज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये विजेच्या साहाय्याने पोटॅशियम धातू वेगळा केला. उसाला घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅशही रासायनिक दृष्ट्या पोटॅशियम क्लोराइडच. मात्र ते औषधी शुद्धतेचे नसते.

क्रिया : शरीरातील सु. 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. तेथील प्रमाण लिटरला सु. 140 मिलिमोल (मिलिमोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे रासायनिक एकक), तर रक्तद्रवात 3.5 ते 5.0. ही तफावत राखणारा पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये दाखवला (नोबेल, 1997). रक्तातील प्रमाण घटले की ईसीजीतील (हृदयाच्या विद्युत्-आलेखातील) टी-तरंग सपाट होतो, त्यापुढे यू-तरंग उमटतो आणि निलयांतून (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून) अवेळी ठोके पडू लागतात. डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांत हा धोका अधिक. प्रमाण वाढले की टी-तरंग टोकदार होतो, पुढे क्यूआरएस (निलयांच्या उद्दीपनाचा तरंग) रुंदावतो व हृदय थांबू शकते. घट बहुधा फ्युरोसेमाइड, थायझाइड यांसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधांनी, जुलाबांनी किंवा उलट्यांनी होते.

इष्ट पातळी : याविषयी मतभेद आहेत. हृदयरुग्णांत 4.5 च्या वर पातळी ठेवण्याचा प्रघात जुना आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर 3.6 च्या खाली गेल्यावरच पूरक दिले तरी अलिंदांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) कंपन वाढत नाही, असे 2024 मधील एका चाचणीत दिसले. उलट 2025 मधील डॅनिश चाचणीत, शरीरात डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन लय सुधारणारे यंत्र) बसवलेल्यांची पातळी 4.5 ते 5.0 मध्ये नेल्याने निलयांच्या लयदोषांचे प्रसंग घटले. रुग्णगट निराळे असल्याने दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. सरसकट वरची पातळी गाठण्यापेक्षा रुग्णागणिक ठरवणे सयुक्तिक दिसते.

मात्रा व दक्षता : 10 टक्के द्रावणाच्या 15 मिली.मध्ये 20 मिलिमोल (सु. 780 मिग्रॅ.) पोटॅशियम असते. ते भरपूर पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्यावयाचे असते. सावकाश विरघळणारी गोळी चावू वा कुटू नये. शिरेवाटे ते नेहमी पातळ करून, सामान्यतः ताशी 10 मिलिमोलपर्यंतच देतात. एकदम टोचल्यास प्राणघातक. मॅग्नेशियमही कमी असेल तर ते भरल्याखेरीज पोटॅशियम टिकत नाही. मूत्रपिंड दुर्बल असल्यास, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवू शकणारी औषधे चालू असल्यास वारंवार रक्ततपासणी लागते. ‘कमी सोडियमचे मीठ’ यातही पोटॅशियम क्लोराइड असते, हे पुष्कळदा लक्षातच घेतले जात नाही. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटा चढतो. अशा वेळी तपासणी पुन्हा करतात.

आहार : शहाळे, केळी, आणि कोल्हापुरी गुऱ्हाळांवरचा गूळ व काकवी यांतून पोटॅशियम मिळते. एका मोठ्या शहाळ्यात वरील मात्रेच्या जवळपास भरू शकते. तथापि लघवीच्या औषधांनी आलेल्या उणिवेत क्लोराइडही हवे असते; फळांतील पोटॅशियम बहुतांशी त्या रूपात नसल्याने त्यावर भागत नाही. मूत्रपिंडविकारात पथ्य सांगताना शहाळ्याबरोबर नारळाच्या दुधाच्या पांढऱ्या रश्श्याचाही हिशेब धरावा लागतो.