कडक बुश, मऊ बुश आणि न दबणारं रबर

पावसाळा ओसरला की मुंबईतल्या गॅरेजांमध्ये बुशचा, म्हणजे चाकाच्या सांध्यांत बसणाऱ्या रबरी नळकांड्यांचा, सीझन सुरू होतो. चार महिने खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि गुडघाभर पाणी तुडवून आलेल्या गाड्या लिफ्टवर चढतात. मेकॅनिक आर्मखाली पहार घालून हलवून दाखवतो आणि म्हणतो, "बुश गेलेत, साहेब." साध्या गाडीचा मालक "किती होतील?" एवढंच विचारतो. ज्याच्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस किंवा बीएमडब्ल्यूची जुनी थ्री सिरीज आहे तो त्या रात्री रील्स बघत बसतो, आणि तिथे त्याला एकच मंत्र मिळतो: रबर काढा, पीयू टाका, गाडी रेसकार होईल. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, ते लाल-पिवळं-जांभळं कडक प्लॅस्टिकसारखं दिसणारं. हा मंत्र अर्धा खरा आहे, त्यामुळे खोडून काढायला जास्त कठीण जातो.

मागचं चाक गाडीच्या सांगाड्याला ज्या दांड्यांनी जोडलेलं असतं ते कंट्रोल आर्म. चाक खाली-वर झालं की दांड्याच्या टोकांना फिरावं लागतं. तिथे बॉल बेअरिंग न घालता बुश घालतात. आत एक धातूची नळी, बाहेर एक मोठी नळी, आणि मधलं रबर दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं. आतली नळी बोल्टने घट्ट आवळलेली, बाहेरची आर्मच्या भोकात प्रेसवर दाबून बसवलेली. इथे काहीही कशावर घासत नाही. आर्म फिरतो तेव्हा रबराला फक्त पीळ बसतो आणि तो सुटतो. ग्रीस नको, सील नको, आवाज नाही. इतक्या कमी पैशांत इतकं काम करणारा दुसरा भाग गाडीत क्वचितच सापडेल.

पण "रबर मऊ, म्हणून बुश मऊ" हे काही खरं नाही. मला या विषयात सर्वात जास्त मजा वाटते ती इथे.

एक खोडरबर घेऊन बोटांनी दाबा. तो बारीक होतो, पण बाजूंनी फुगतो. त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. रबराचा आकार बदलणं सोपं, आकारमान बदलणं महाकठीण. आकड्यांत सांगायचं तर रबर तिरकं सरकवायला लागणारा मापांक (म्हणजे विरोधाचं माप) १ मेगापास्कलच्या आसपास असतो, आणि सर्व बाजूंनी दाबून लहान करायला लागणारा मापांक २,००० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच. एकाच पदार्थात हजार-दोन हजार पटींचा फरक! मग रबराला बाजूने फुगायला जागाच ठेवली नाही तर?

याचं उत्तर बघायला गॅरेजमध्ये जायची गरज नाही. मुंबईतल्या अनेक फ्लायओव्हरखाली उभं राहून वर बघा. खांबाचा माथा आणि वरचा गर्डर यांच्यामध्ये एक काळी लादी दिसते. ती रबराची असते, आणि तिच्या पोटात पोलादाचे पातळ पत्रे असतात. समजा १० सेंटीमीटर व्यासाची, अडीच सेंटीमीटर जाड रबराची चकती आहे. भार पडणारं क्षेत्रफळ भागिले फुगायला मोकळ्या कडेचं क्षेत्रफळ, हा तिचा आकारगुणक, इथे १ येतो. दाबाला ती किती विरोध करते हे ढोबळपणे (१ + आकारगुणकाच्या वर्गाची दुप्पट) या पटीत ठरतं, म्हणजे ३ पट. आता तेवढंच रबर मध्ये चार पत्रे चिकटवून अर्ध्या सेंटीमीटरच्या पाच थरांत वाटा. प्रत्येक थराचा आकारगुणक ५ होतो आणि पट होते ५१. रबर तेच, पण उभ्या भाराला लादी १७ पट ताठ झाली. आडवी मात्र ती पूर्वीइतकीच सहज सरकते, कारण तिरकं सरकायला बाजूने फुगावं लागतच नाही. म्हणून ती हजारो किलोंचा गर्डर पेलते आणि उन्हात तो लांबला तर त्याला वाटही देते.

बुश म्हणजे हीच लादी नळीभोवती गुंडाळलेली. पातळ रबर, दोन्ही बाजूंना धातू: बाजूने दाबलं तर ताठ, पिळलं तर मऊ. डिझायनरला नेमकं हेच हवं असतं. तो आणखी एक खेळी करतो. ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागच्या चाकापासून पुढे जाणारा लांब दांडा, त्याच्या मोठ्या बुशमध्ये तो रबरात समोरासमोर दोन राजम्याच्या आकाराच्या पोकळ्या ठेवतो. पोकळीच्या दिशेने रबराला फुगायला जागा मिळते, म्हणून त्या दिशेने बुश मऊ. तिच्या काटकोनात जागा नाही, म्हणून ताठ. चाक खड्ड्यात आपटलं की ते थोडं मागे सरकतं आणि दणका कमी पोचतो, पण वळणावर आडवं सरकत नाही. बुशच्या कडेवर म्हणूनच खूण किंवा बाण असतो. घाईत ते ९० अंश फिरवून दाबलं तर मऊ आणि ताठ दिशांची अदलाबदल होते. भाग अस्सल, बिल खरं, आणि गाडी मात्र विचित्र चालते.

आता मागच्या चाकाचं एवढं कौतुक का? पुढचं चाक चुकलं तर हातात स्टिअरिंग आहे, मागच्याला स्टिअरिंग नाही. समजा चाक धरणारी दोन बुशं एकमेकांपासून ४० सेंटीमीटरवर आहेत आणि त्यातलं एक १ मिलिमीटर सरकलं. चाक सुमारे ०.१४ अंश वळतं. नुसतं सरळ चालताना हा टायर दर किलोमीटरला अडीच मीटर आडवा घासला जातो. टायरच्या आतल्या कडेवर तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट फिरवून बघा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर बुश बघायलाच हवं. आणि साधारण टायर एका अंशाला हजार-दीड हजार न्यूटन आडवं बल देतो, म्हणजे ०.१४ अंशाला पंधरा-वीस किलोचा ढकला. खंडाळ्याच्या वळणावर ड्रायव्हरने न मागता आलेला.

दिशा महत्त्वाची. वळणावर भार पेलणारं बाहेरचं मागचं चाक किंचित आत वळलं तर गाडी स्थिर होते, बाहेर वळलं तर शेपूट सुटते. वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर जुन्या स्पोर्ट्स गाड्या गरकन फिरायच्या त्यामागे हेही एक कारण होतं. पोर्शने १९७७ मध्ये ९२८ आणली तेव्हा मागच्या आर्मचा पुढचा आधार मुद्दाम असा ठेवला की पाय उचलला किंवा ब्रेक लागला की चाक आपसूक आत वळावं. वाइसाख अ‍ॅक्सल म्हणतात त्याला. ना मोटर, ना सेन्सर. हवी तिथे आणि हवी तेवढीच ठेवलेली ढिलाई. अशा ठिकाणची ढिलाई कडक पीयूने भरून टाकणं म्हणजे इंजिनिअरचा हिशोब पुसून टाकणं.

म्हणून सगळ्या बुशांचा एकच संच घेण्यापेक्षा एकेक सांधा बघावा. टो लिंक, म्हणजे चाकाचा कोन धरणारा लहान दांडा, याचं एकच काम आहे: लांबी न बदलणं. तिथे कडक पीयू चालतं, ट्रॅकवर जाणाऱ्याने रोज जॉइंटही लावावा. रोज जॉइंट म्हणजे टेफ्लॉनच्या अस्तरात बसवलेला पोलादी गोळा. सगळीकडे फिरतो, कुठेही दबत नाही. पण आपल्याकडची रेती अस्तरात शिरली की तो लवकरच टकटक करू लागतो. लोअर आर्म एकाच अक्षावर फिरत असेल तर तिथेही पीयू ठीक. मागचा ट्रेलिंग आर्म मात्र वेगळा. पुढे त्याला एकच बुश, मागे त्याला आडवे दांडे बांधलेले. ते आडवे दांडे आपापल्या कंसात फिरतात आणि ट्रेलिंग आर्मला वर-खाली होतानाच थोडं वळायला, थोडं पिळायला लावतात. ही सगळी वाकडी हालचाल ते एकटं पुढचं बुश पचवतं. तिथे घट्ट पीयू घातलं की सांधा अडकतो आणि अडकलेला सांधा न मागितलेल्या अँटी-रोल बारसारखा (वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्यासारखा) वागतो. ओल्या रस्त्यावर मागची पकड अचानक सुटते. बीएमडब्ल्यू ई४६ चं हे बुश त्यासाठी बदनाम आहे. माझं मत विचाराल तर तिथे नवं अस्सल रबरच घाला आणि हवं तर दोन्ही बाजूंना लिमिटरच्या पातळ चकत्या. आडवी हालचाल आटोक्यात येते, पीळ मोकळा राहतो.

पीयू रबरासारखं नळीला चिकटलेलं नसतं, ते नळीवर घसरतं. त्यामुळे ग्रीस लागतं, आणि ग्रीस वाहून गेलं की सोसायटीच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुई-कुई ऐकू येतं. त्यातही पीयूचे दोन मुख्य प्रकार. पॉलिएस्टरवर आधारलेलं पीयू पाण्याने हळूहळू तुटतं, त्याच्या साखळ्यांत पाणी रासायनिक काडी घालतं. पॉलिईथरवालं पाण्याला फारशी दाद देत नाही. हिंदमाताच्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीसाठी हा फरक कडकपणाच्या आकड्याहून मोठा आहे, पण ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात हा प्रश्न विचारून बघा, उत्तर बहुधा "साहेब, जर्मन माल आहे" असं येईल. रंगावर तर मुळीच जाऊ नका. रंग कंपनी ठरवते, कडकपणा शोअर मापात ठरतो: रस्त्यावरच्या गाडीचं रबर साधारण ५० ते ७०, पीयू ८० ते ९५. "लाइफटाइम" या शब्दाला कुठलंच माप नाही. आणि नवे टायर आतून खाल्ले गेले म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन की दृष्ट लागली तरी ती नेमकी आतल्या कडेलाच का लागते, याचा थोडा विचार करा.

बसवण्याची एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी थोडी. चिकटवलेल्या रबराची एक मूळ स्थिती असते, आणि बोल्ट आवळताना आर्म जिथे असतो तीच ती होते. लिफ्टवर चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले तर गाडी जमिनीवर उतरताच प्रत्येक बुश पिळलं जातं आणि सिग्नलला उभं असतानाही पिळलेलंच राहतं. वर खड्डा आला की आणखी पीळ. नवं बुश लवकर फाटतं आणि दोष रबराला लागतो. म्हणून मेकॅनिकला सांगा: बोल्ट आधी हाताने लावा, चाकाखाली जॅक घेऊन आर्म गाडी उभी असताना असतो त्या उंचीवर आणा, मगच पाना फिरवा. त्यानंतर चार चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि छापील कागदावर मागच्या दोन्ही चाकांचा टो, म्हणजे चाक आत-बाहेर वळल्याचा कोन, वेगवेगळा वाचा. बेरीज बरोबर असूनही एक चाक आत आणि दुसरं बाहेर असू शकतं.